कलम

पत्र दाराला चिकटपट्टीने लावलं होतं.
'आपल्या आवारातील गवत
आठ इंचांहून उंच आढळले.'
आढळले.
गवत नव्हे, फलाटावरचं बेवारस सामान.
खाली सही लॉरेन पिकेट, अध्यक्ष,
आणि दंड, आठवड्याला पन्नास डॉलर.

गावाचं नाव नॉर्मल.
इलिनॉयमध्ये खरंच आहे असं गाव,
पत्ता सांगितला की बहीण फोनवर अजून हसते.

हिरवळ मीच मारली. मारली हाच शब्द.
फ्रीजचा, टीव्हीचा, गादीचा पुठ्ठा अंथरून
अख्खा हिवाळा तिला उजेड दाखवला नाही.
वसंतात पुठ्ठा उचलला तर खाली गांडुळं,
आणि पिवळट मुळं, उसवलेल्या शिवणीसारखी.
अपराधी वाटलं. अर्धा तास.

मग पेरलं ते इथलंच,
नांगर येण्याआधी इथे जे होतं ते:
निळसर देठांचं गवत, जांभळ्या शंकूंची फुलं,
एक रोप, ज्याची पानं कुणी न सांगता
उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात.
आणि एक, ज्याला इथे दुधी तण म्हणतात.
पान मोडलं, पांढरा चीक आला,
आणि माझ्या आधी बोटांना कळलं,
अगं, ही तर रुईची चुलत बहीण!
तिकडे शनिवारी मारुतीच्या गळ्यात,
इकडे दंडाच्या यादीत.

शेजारचा डेल हचिन्स फूटपट्टी घेऊन आला.
गुडघा टेकून, नीट मोजून
'अकरा' म्हणाला,
डॉक्टर रक्तदाब सांगतो तशा आवाजात.
मग माझ्याच पायरीवर बसून
कुसळं उपटत राहिला,
डोळ्यातली नव्हेत, मोज्यातली.
मी पाणी विचारलं. नको म्हणाला. मग प्यायला.

सुनावणी वाचनालयाच्या तळघरात.
घडीच्या खुर्च्या, कोरडी बिस्किटं.
कुणी गोचिडांचं बोललं, कुणी घरांच्या किमतीचं.
लॉरेन दमलेली दिसत होती.
मला बाजू मांडायला तीन मिनिटं होती,
त्यातलं एक मी फुलपाखरांवर घालवलं.
कुणाचंही मन पालटलं नाही.

पण विम्याच्या कंपनीत बावीस वर्षं
मी बारीक अक्षर वाचते.
लोकांना पैसे का मिळणार नाहीत
ते शोधून काढायचे पैसे मला मिळतात.
त्याच डोळ्यांनी त्या रात्री
नियमांची सेहेचाळीस पानं वाचली.
कलम चौदा (क):
विटांची कड असलेल्या फुलांच्या वाफ्याला
उंचीची मर्यादा नाही.
वाफा केवढा, हे लिहायचं राहून गेलंय.

कलम म्हटलं की मला आंब्याचं आठवतं,
परक्या खोडाला चीर देऊन
आपली काडी आत बसवायची, घट्ट बांधायची,
आणि वाट पाहायची.

शनिवारी तीनशे बारा विटा लावल्या.
रविवारी पाठ उचलेना.
सोमवारी लॉरेन आली,
कडेकडेने एक पूर्ण फेरी मारली.
प्रदक्षिणा म्हणणार नाही मी तिला.
वहीत काहीतरी लिहिलं, निघून गेली.
आधीच्या सहा आठवड्यांचे तीनशे मात्र
भरावेच लागले.

ऑक्टोबरात शेंगा उकलल्या.
रेशमी म्हाताऱ्या उठल्या आणि निघाल्या
विटांवरून, हद्दीवरून, डेलच्या अंगणात.
वाऱ्याबद्दल कलम नाही. मी पाहिलंय.

या जूनमध्ये त्याच्या हिरवळीत, कडेला,
दुधी तणाचे तीन देठ.
डेल रविवारी गवत कापतो,
वहीत समास आखावा तसा.
मी स्वयंपाकघराच्या खिडकीत तांदूळ धूत होते.
यंत्र त्या देठांच्या वीतभर अलीकडे
थांबलं.
पेट्रोल संपलं असेल.
त्याने ते ढकलत गराजात नेलं.

पुढच्या रविवारीही
तिथेच संपलं.